दारूचं दुकान कुणाचं असावं?

सरकारी दारूविक्री खासगी हातात द्यायची की नाही, हा वाद जुनाच आहे. दोन राज्यांचा इतिहास बघा.

तामिळनाडूत १९८३ साली एमजीआर यांनी टास्मॅक काढलं, ते फक्त घाऊक विक्रीसाठी. किरकोळ दुकानांचे लिलाव व्हायचे, बोलीवाले आपसात संगनमत करायचे, तिजोरीला फटका. म्हणून २००३ मध्ये जयललितांनी दुकानंच ताब्यात घेतली. पदवीधर पोरं काउंटरवर आली. ठेकेदार गेले, बाटलीमागं दहा रुपये जादा घेतात ही ओरड मात्र सुरू झाली.

दिल्लीनं उलटं केलं. ८६४ पैकी ४७५ दुकानं चार सरकारी महामंडळांची होती. १७ नोव्हेंबर २०२१ पासून सगळी खासगी. एकावर एक फुकट, रांगाच रांगा! मग सीबीआय चौकशी, आणि १ सप्टेंबर २०२२ ला दुकानं पुन्हा महामंडळांकडे. दहा महिनेही टिकलं नाही.

दोन्हीकडे भांडण महसुलाचं. गल्लीत दुकान हवं का, हे विचारलं कुणी? आपल्याकडे दुकानं परवानेदारांची (कायदा अजून १९४९ चा, दारूबंदीचाच!), पण बायका मतदान करून बाटली आडवी करू शकतात. तामिळनाडूत बायका मोर्चा नेतात, तेव्हा दुकानदारही सरकार आणि निवेदन घेणारंही सरकारच.