बंदुकीविना खेळ : एका गुहेची गोष्ट

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बंदुका, स्फोट, धडाधड कोसळणारी माणसं आणि जेवणाच्या हाकेला 'आलो, आलो' म्हणत जागचा न हलणारा घरातला मुलगा. आईवडिलांची तक्रार खोटी नाही. असे खेळ भरपूर आहेत आणि ते भरपूर खपतातही. पण आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते वेगळ्या जातीच्या खेळांबद्दल. या खेळांत कुणाला मारायचं नसतं, कुणाला हरवायचं नसतं. एका अनोळखी ठिकाणी जायचं, हिंडायचं, नीट पाहायचं आणि ती जागा ओळखीची करून घ्यायची, एवढाच खेळ.

हिंसक खेळांवर टीका होऊ लागल्यावर उतारा म्हणून कुणीतरी हे सौम्य खेळ काढले असतील, असं पुष्कळांना वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. संगणकावरचा गोळीबार जुना आहे हे खरं. एकमेकांची अवकाशयानं उडवण्याचा 'स्पेसवॉर' हा खेळ अमेरिकेत १९६२ साली तयार झाला होता. पण भटकंतीचा खेळही जवळजवळ तेवढाच जुना आहे. घरोघरी संगणक पोचण्याच्या आधीच तो जन्मला आणि त्याचं मूळ सापडतं ते एका खऱ्याखुऱ्या गुहेत.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात 'मॅमथ केव्ह' नावाची चुनखडीच्या दगडातली गुहा आहे. माणसाला ठाऊक असलेली ही जगातली सर्वांत लांब गुहा. आजवर मोजून झालेली तिची लांबी ६८० किलोमीटरहून अधिक भरते. या गुहेचा सर्वांत नामांकित वाटाड्या स्टीफन बिशप हा गुलाम होता. १८३८ साली, ऐन तरुणपणी, तो इथे वाटाड्याचं काम करू लागला. जिला तळच नाही असं लोक म्हणत, ती खोल दरी ओलांडून तो पलीकडे गेला आणि गुहेचा केवढा तरी अज्ञात भाग त्याने उजेडात आणला. १८४२ साली त्याने केवळ आठवणीतून गुहेचा नकाशा काढला आणि तो पुढे छापलाही गेला. १८५६ साली त्याला मुक्तता मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. जमिनीवर ज्याला स्वतःच्या मर्जीने चार पावलं जाता येत नव्हती, तो जमिनीखाली इतरांना वाट दाखवत होता. अनोळखी जागेची ओढ ही नुसती फावल्या वेळची चैन नसते, हे मला या माणसाकडे पाहून पटतं.

बिशपनंतर शंभरहून अधिक वर्षांनीही गुहेची मोजणी चालूच होती. शेजारच्या फ्लिंट रिज या डोंगराखालच्या गुहा मॅमथला आतून जोडलेल्या असाव्यात, असा गुहाशोधकांचा कयास होता. पण दुवा सापडत नव्हता. १९७२ साली तो सापडला. एका अतिशय अरुंद फटीतून शरीर आक्रसून पलीकडे गेली ती पॅट्रिशिया क्राउथर ही सडपातळ बांध्याची गुहाशोधक. पुढच्या भागात भिंतीवर एक जुनं नाव आणि बाण कोरलेला दिसला. म्हणजे पलीकडच्या बाजूने कुणीतरी इथवर येऊन गेलं होतं! ९ सप्टेंबर १९७२ रोजी सहा जणांची तुकडी चिखलापाण्यातून पुढे सरकत गेली आणि अंधारात त्यांना पर्यटकांच्या वाटेचा कठडा दिसला. दोन गुहा एक झाल्या.

पॅट्रिशियाचा पती विल क्राउथर हाही गुहाशोधक आणि पेशाने संगणकाचा प्रोग्रॅमर. 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत तो काम करत होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेलं 'आर्पानेट' १९६९ साली सुरू झालं, ते उभारणाऱ्या चमूत तो होता. गुहेतून आणलेल्या चिखलाने माखलेल्या वह्यांमधली मापं हे जोडपं संगणकात भरत असे आणि संगणक त्यांचे नकाशे काढून देई.

पुढे हा संसार मोडला. विलने नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे की त्या काळात तो आतून विस्कटून गेला होता. मुलींची आठवण येत होती. ज्या मंडळींबरोबर गुहेत उतरायचं त्यांच्यातच अवघडल्यासारखं होऊ लागल्याने ते उतरणंही थांबलं होतं. तेव्हा त्याने, १९७५-७६ च्या सुमारास, कचेरीतल्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर फोर्ट्रान भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता, होते फक्त शब्द. तुम्ही कुठे उभे आहात, आजूबाजूला काय दिसतं, हे संगणक दोन-चार ओळींत सांगणार आणि तुम्ही 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असे साधे शब्द टाइप करणार. संगणकाची सवय नसलेल्या माणसालाही बिचकायला होऊ नये, म्हणून मुद्दाम ही साधी बोली. आपल्या मुली भेटायला आल्या की त्यांनी खेळावं, हाही हेतू होता. गुहा अर्थातच केंटकीची. मॅमथच्या एका भागाचा आराखडा आठवून त्याने तो शब्दांत मांडला आणि त्यात थोडी जादू मिसळली. खेळाचं नाव पडलं 'अ‍ॅडव्हेंचर'.

मुलींना वर्णन करून सांगितलेली ही गुहा आर्पानेटवरून भलतीकडेच पोचली. स्टॅनफर्डमध्ये डॉन वूड्स या तरुणाच्या ती हाती लागली. कर्त्याचा पत्ता ठाऊक नाही, तेव्हा त्याने जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउथर' या नावाने पत्र धाडलं! क्राउथरची परवानगी मिळाली आणि वूड्सने १९७७ साली खेळ बराच वाढवला.

मी हा खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हा थोड्याच वेळात कागद-पेन्सिल शोधायला उठलो. कारण या गुहेत एक चक्रव्यूह आहे, जिथे प्रत्येक दालनाचं वर्णन अक्षरशः एकसारखं आहे. मग एक युक्ती सुचते. हातातली एकेक वस्तू एकेका दालनात टाकत जायची, म्हणजे खूण राहते. कागदावर एकेक रेघ जुळत जाते आणि वाट सापडते, तेव्हाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही. मोजणीदाराचं कामच मी नकळत करत होतो.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की ही गुहा अगदी निरुपद्रवी नाही. तीत कुऱ्हाड फेकणारे बुटके भेटतात आणि त्यांच्यावर ती उलटवताही येते. पण एक प्रसंग लक्षात राहण्याजोगा आहे. वाटेत एक भयंकर साप आडवा येतो. त्याच्यावर हल्ला केला तर काही उपयोग होत नाही. मागे एका दालनात एक छोटा पक्षी असतो. तुमच्या हातात काठी असेल तर तो घाबरतो, पकडू देत नाही. काठी खाली ठेवली तरच तो पिंजऱ्यात येतो आणि पुढे तोच पक्षी सापाला पळवून लावतो.

तरीही पूर्णपणे निःशस्त्र आणि तुफान लोकप्रिय असा खेळ यायला १९९३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षाची गंमत अशी की डिसेंबरमध्ये 'डूम' हा बंदूकबाजीचा प्रसिद्ध खेळ आला आणि त्याआधी सप्टेंबरमध्ये 'मिस्ट' आला होता. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी आधी लहान मुलांसाठी 'द मॅनहोल' नावाचा नुसता हिंडण्याचा खेळ केला होता. 'मिस्ट'मध्ये खेळणारा एका निर्जन बेटावर येऊन पडतो. शत्रू नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत, मरणही नाही. एक ग्रंथालय, काही विचित्र यंत्रं, वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज. सीडीवरची माहिती त्या काळी इतकी सावकाश वाचली जाई की हलत्या देखाव्यांऐवजी सुमारे अडीच हजार स्थिर चित्रं वापरली होती. तो संथपणाच लोकांना भावला. ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि घरगुती संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ हा मान 'मिस्ट'कडे २००२ पर्यंत राहिला.

'हरण्याची भीतीच नाही, तर खेळ कसला?' असा प्रश्न मला हमखास विचारतात. लढाईच्या खेळात तुमचं पडद्यावरचं पात्र बलवान होत जातं. नवी बंदूक, नवं चिलखत. 'मिस्ट'मध्ये पात्राला काहीच मिळत नाही. जे मिळतं ते खेळणाऱ्याला, आणि ते म्हणजे ज्ञान. सगळं ठाऊक असलेला माणूस हा खेळ काही मिनिटांत संपवू शकतो. नवख्याला आठवडे लागतात. दोघांमध्ये फरक फक्त कळण्याचा. इथे पणाला लागतं ते तुमचं लक्ष आणि तुमचा धीर.

टीकाकार मात्र पुढेही होतेच. २००८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी एका गोळीबाराच्या खेळाचं यंत्र घेऊन त्यातून गोळीबारच काढून टाकला. उरलं ते स्कॉटलंडजवळचं एक ओसाड बेट आणि एका दुःखी माणसाचा आवाज. हा 'डिअर एस्थर' २०१२ साली स्वतंत्रपणे विक्रीला आला. अशा खेळांना लोकांनी चेष्टेने 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हटलं, म्हणजे नुसत्या चालण्याची नक्कल. चेष्टेचं नाव पुढे चिकटलं आणि बिल्ल्यासारखं मिरवलंही गेलं.

त्याच २०१२ साली आलेल्या 'जर्नी'ची हकिगत मला सर्वांत बोलकी वाटते. वाळवंटातून एका दूरच्या डोंगराकडे जायचं. वाटेत दुसरा एक खरा माणूस भेटतो, जगात कुठेतरी बसून खेळणारा. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो. कर्ते जेनोव्हा चेन यांनी सांगितलं आहे की खेळ घडत असताना सुरुवातीला एकमेकांना ढकलता येत होतं, तर लोक एकमेकांना संकटात ढकलू लागले. मग ढकलण्याची सोयच काढली आणि जवळ आल्यावर दोघांनाही बळ मिळेल असं केलं. तीच माणसं एकमेकांसाठी थांबू लागली.

माणसं चांगली की वाईट, हा वाद आपण घालत बसतो. हातात काय दिलं आहे, हे मात्र पाहायचं राहतं. बंदूक दिली की समोरचा सावज दिसतो, नकाशा दिला की सोबती.

गुहेची मोजणी एकट्याला करता येत नाही. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला अंधारात पलीकडे कुणीतरी लागतंच. विल क्राउथरच्या आयुष्यात ते टोक सुटलं, तेव्हा त्याने आख्खी गुहा शब्दांत बांधली आणि आपल्या मुलींच्या हाती दिली. तुमच्या घरातलं मूल उद्या असा एखादा खेळ खेळताना दिसलं, तर रागावण्याआधी जरा शेजारी बसा. 'आता कुठे आलास?' एवढंच विचारा. आणि कागद-पेन्सिल जवळ असू द्या.