मेंदूच्या आजारांनी होणारे मृत्यू खरंच वाढलेत का? भारताचे आकडे असे वाचा

'देशात मेंदूच्या आजारांचं प्रमाण दुप्पट', 'मेंदूविकाराने होणाऱ्या मृत्यूंमध्ये मोठी वाढ' अशी कार्डं तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीतरी येऊन गेली असतील. सोबत मोबाईल, मीठ, झोप, लस यांपैकी कुणावर तरी खापर फोडलेलं असतं. 'दुप्पट' हा शब्द मात्र हवेतून आलेला नाही. त्यामागे एक गंभीर अभ्यास आहे, फक्त तो मृत्यूंबद्दल नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि अमेरिकेतली आयएचएमई ही संस्था यांनी मिळून 1990 ते 2019 या काळात राज्याराज्यांत मज्जासंस्थेच्या आजारांचा भार किती होता, ते मोजलं. हा अभ्यास 2021 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. देशातल्या एकूण रोगभारात असंसर्गजन्य मज्जाविकारांचा वाटा 1990 मध्ये 4.0 टक्के होता, तो 2019 मध्ये 8.2 टक्के झाला. दुप्पट म्हणतात तो हा.

पण रोगभार म्हणजे मृत्यू नव्हेत. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षं आणि आजारपणात किंवा अपंगत्वात काढलेली वर्षं यांची ती बेरीज असते. उदाहरण डोकेदुखीचं घ्या. भारतातल्या मज्जाविकारांच्या एकूण भारात अर्धशिशी आणि इतर डोकेदुख्यांचा वाटा 17.5 टक्के निघाला, म्हणजे दुसरा क्रमांक. अर्धशिशीने माणूस दगावत नाही, पण महिन्यातले चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. भारात ते दिवस मोजले जातात, मृत्यूंच्या यादीत त्यांना जागा नाही.

एक रांग पुढे सरकली, दुसरी मागे गेली

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा फिरत नाही. मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणाचा दाह, धनुर्वात अशा संसर्गजन्य मज्जाविकारांचा वाटा 1990 मध्ये 4.1 टक्के होता. 2019 मध्ये तो 1.1 टक्क्यावर आला. डोक्याला किंवा मणक्याला इजा होऊन उद्भवणाऱ्या विकारांचा वाटा 0.2 वरून 0.6 टक्के झाला. तिन्हींची बेरीज केली तर 1990 मध्ये 8.3 टक्के आणि 2019 मध्ये 9.9 टक्के. म्हणजे एकूण वाटा थोडाच वाढला, आतली माणसं मात्र पार बदलली. माझ्या मते या अभ्यासातली खरी बातमी हीच आहे.

ही अदलाबदल आपोआप झालेली नाही. नवजात बाळांचा धनुर्वात एकेकाळी खेडोपाडी घराघरांत ठाऊक असलेला मृत्यू होता. नाळ अस्वच्छ पात्याने कापली जायची आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे 2015 मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन साधल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य नव्हे. 2005 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वराने शेकडो मुलं गेली आणि त्यानंतर 2006 पासून जोखमीच्या जिल्ह्यांत लसीकरण सुरू झालं. पोलिओचा शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला.

संसर्गाचा धोका टळला, असं मात्र नाही. नागपूरजवळच्या गावाचं नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये सापडला आणि 2024 मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा मुलांचे जीव घेतले. रेबीज तर अजूनही आहे. परिषदेच्याच एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे 5,700 माणसं रेबीजने मरतात. लक्षणं दिसू लागल्यावर यावर उपाय जवळपास नाही, त्याआधी मात्र लस आणि जखम साबणाने धुणं इतकं साधं उत्तर आहे.

सगळ्यात मोठा मृत्यू: पक्षाघात

आता मृत्यूंकडे येऊ. भारतात 2019 मध्ये पक्षाघाताने, म्हणजे ज्याला आपण लकवा किंवा पॅरालिसिसचा झटका म्हणतो त्याने, अंदाजे 6 लाख 99 हजार माणसं गेली. एकूण मृत्यूंच्या हे 7.4 टक्के. मज्जासंस्थेच्या इतर कुठल्याही आजाराचे मृत्यू याच्या जवळपासही जात नाहीत. रोगभारातही पहिला क्रमांक याचाच, 37.9 टक्के. पश्चिम बंगाल, छत्तीसगड, ओडिशा, आसाम या पट्ट्यात तो विशेष आहे.

गंमत अशी, की 'मज्जासंस्थेच्या आजारांचे मृत्यू' अशा शीर्षकाचा सरकारी तक्ता उघडला तर त्यात पक्षाघात सापडणारच नाही. जगभर मृत्यूची कारणं ज्या वर्गीकरणाने लिहिली जातात त्याच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या आजारांत, हृदयविकाराच्या शेजारी बसवलेला आहे. अल्झायमर मज्जासंस्थेच्या प्रकरणात, पण रक्तपुरवठा कमी पडून होणारा स्मृतिभ्रंश मानसिक विकारांच्या प्रकरणात. रेबीज आणि जपानी मेंदूज्वर संसर्गजन्य रोगांत. हेल्मेट नसताना डोकं फुटून झालेला मृत्यू अपघातांत. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने पक्षाघात मज्जासंस्थेच्या प्रकरणात आणला. एखादा देश नव्या आवृत्तीकडे वळला की एका रात्रीत तिथले 'मज्जाविकाराचे मृत्यू' कित्येक पटींनी फुगतील आणि प्रत्यक्षात एकही माणूस जास्त मेलेला नसेल. तेव्हाची रील कशी असेल, याची कल्पना करा.

वयाचा हिशोब

मृत्यूंची नुसती संख्या वाढणं आणि धोका वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय सुमारे 10.4 कोटी होते आणि तेव्हापासून ही संख्या वाढतेच आहे. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश हे बहुतांशी उतारवयातले आजार. पन्नाशीत क्षयाने किंवा लहानपणी मेंदूज्वराने जो गेला, त्याला अल्झायमर होण्याची संधीच मिळत नाही. म्हणून तज्ज्ञ वयाचा फरक काढून टाकलेला दर बघतात. 2024 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आलेल्या जागतिक अभ्यासात 1990 ते 2021 दरम्यान मज्जाविकारांचा एकूण भार सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेला दिसतो. पण वयाचा हिशोब केल्यावर मृत्युदर साधारण एक तृतीयांशाने घटला आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मथळा बहुतेकदा पहिल्याचाच होतो.

मोजणी बदलली की काय होतं, ते इंग्लंड आणि वेल्समध्ये दिसलं. 2015 मध्ये तिथे स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर हे हृदयविकाराला मागे टाकून मृत्यूचं पहिलं कारण ठरलं, 11.6 टक्के. लोक जास्त जगू लागले हे एक कारण. डॉक्टर निदान जास्त करू लागले आणि नोंदीचे नियम बदलले, हे दुसरं.

आपल्याकडे उलट अडचण आहे. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पण घरात तो 'साठी बुद्धी नाठी' म्हणून खपतो. आजी रस्ता चुकते, एकच प्रश्न दहादा विचारते, मग जेवायचं विसरते, शेवटी गिळताना घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. वर्तमानपत्रात छापून येतं, 'वृद्धापकाळाने निधन'.

कागदावर काय लिहिलं जातं

2020 मध्ये देशात 81 लाखांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलं होतं. गोव्यात हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के, बिहारमध्ये अगदीच तोकडं. उरलेल्या मृत्यूंसाठी नमुना म्हणून निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत जाऊन नातेवाइकांना शेवटच्या आजारपणाबद्दल विचारलं जातं आणि डॉक्टर त्या माहितीवरून कारण ठरवतात. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय गेला, बोलणं थांबलं, असं सांगितलं की पक्षाघात ओळखू येतो. स्मृतिभ्रंश अशा चौकशीत बहुधा निसटतो. म्हणून वर दिलेले राष्ट्रीय आकडे हे मोजलेले नसून, उपलब्ध माहितीवरून काढलेले अंदाज आहेत.

जिथे डॉक्टर प्रमाणपत्र देतो तिथेही गोंधळ होतो. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना 4अ हे अर्ज असतात. त्यांत पहिल्या ओळीवर तात्काळ कारण आणि खाली क्रमाने त्यामागची कारणं लिहायची असतात. वर न्यूमोनिया, त्याखाली गिळण्याची क्रिया बिघडणं, त्याखाली कंपवात. आकडेवारीत मोजलं जातं ते शेवटच्या ओळीवरचं मूळ कारण. कुणी नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहून सही केली, तर कंपवाताचा तो मृत्यू कंपवाताच्या खात्यात कधीच येत नाही. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडतं. कुठल्या जिल्ह्यात पक्षाघातासाठी सीटी स्कॅन आणि रात्रपाळीचा तज्ज्ञ हवा, हे ठरवताना जे आकडे समोर ठेवले जातात ते अशाच ओळींतून आलेले असतात.

पक्षाघाताबाबत हा प्रश्न तातडीचा आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅन करून बघावं लागतं. घरी अॅस्पिरिन देऊन वाट बघणं रक्तस्रावाच्या रुग्णाला महागात पडू शकतं. तोंड एकीकडे झुकणं, हात उचलता न येणं, जीभ जड होणं यांपैकी काहीही अचानक दिसलं तर घड्याळात वेळ बघा आणि 108 ला फोन करा. लक्षणं कधी सुरू झाली, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते त्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. कारण असतं ते डॉक्टरच्या प्रमाणपत्रात. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने ते निबंधकाला विनामूल्य द्यायचं असतं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. ती मागून घेता येते, आणि खालच्या ओळी रिकाम्या असतील तर मूळ आजार का लिहिला नाही, असं तिथल्या तिथे विचारताही येतं.