अनोळखी खाडीचें मुख
वसईच्या किनाऱ्यावरील एक जुना वाटशोध

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रीत्यर्थ निघत असलेल्या या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, शाळेचा आणि धर्मगुरूंच्या परंपरेचा वृत्तांत अन्य लेखकांनीं दिलाच आहे. त्याची पुनरुक्ति मी करूं इच्छीत नाहीं. मला सुज्ञ वाचकांपुढें एक साधाच प्रश्न ठेवावयाचा आहे. आपल्या या किनाऱ्यावर जो जो परदेशस्थ आला, मग तो व्यापारी असो, शिपाई असो कीं क्रूस हातीं घेतलेला मिशनरी असो, तो पाण्याच्या वाटेनें आला. १८६४ सालीं मुंबईची आगगाडी सुरू होण्यापूर्वीं वसईस येण्याचा राजमार्ग म्हटला म्हणजे समुद्र आणि खाडीच होय. तर मग ज्यानें ही खाडी पूर्वीं कधीं पाहिली नव्हती, त्यानें तिचें मुख कसें ओळखिलें, आंत प्रवेश कसा केला, आणि गलबत सुखरूप बांधण्याजोगी जागा कशी शोधिली? या प्रश्नाच्या उत्तरांत आपल्या पूर्वजांचा एक मोठा, परंतु न लिहिलेला इतिहास दडलेला आहे.

प्रथम स्थळाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. सह्याद्रींत उगम पावलेली उल्हास नदी ठाण्याजवळ येतांच तिच्या पाण्यास दोन वाटा फुटतात. एक वाट ठाण्याची खाडी होऊन दक्षिणेस मुंबई बंदराकडे जाते. दुसरी व मुख्य वाट घोडबंदरावरून पश्चिमेस वळून वसई व साष्टी यांच्या मधून समुद्रास मिळते. उत्तर कांठावर वसईचा किल्ला, दक्षिणेस डोंगरी-उत्तनचा किनारा, आणि मधें ही खाडी. नकाशावर हें सर्व स्पष्ट दिसतें. परंतु समुद्रावरून पाहणाऱ्यास तें तसें दिसत नाहीं. सखल किनारा, त्यावर ताडामाडांची एकसारखी रांग. दोन कोसांवरून ती सगळी एकच हिरवी रेघ वाटते. शिवाय उत्तरेस कांहीं कोसांवर वैतरणेचें मुख असून त्यापुढें अर्नाळ्याचें बेट आहे. नवख्या माणसानें एका खाडीस दुसरी समजावें, यांत नवल तें कसलें? म्हणून जाणता नावाडी किनाऱ्याकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या पाठीमागील डोंगरांकडे पाहतो. तुंगार आणि कामणदुर्ग हे दोन डोंगर सुमारें दोन हजार फूट उंच आहेत. झाडांची रांग जागोजाग सारखीच असते. डोंगराचा आकार मात्र एकाचा दुसऱ्यास नसतो.

मुख सांपडलें म्हणजे काम झालें, असें मात्र नव्हे. खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. नदी गाळ आणिते, समुद्र वाळू आणितो, आणि दोघांची गांठ पडते तेथें वाळूचे दांडे बनतात. पावसाळ्यांतील लोंढ्यानें ते जागा बदलितात. गेल्या वर्षाची वाट यंदां असेलच असा भरंवसा नाहीं. त्यांत आपल्या भागांत उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पाण्यांत पंधरा फुटांच्या जवळपास फरक पडतो. सकाळीं ज्या जागेवरून भरलेलें गलबत तरंगत गेलें, तेथेंच दुपारीं चिखलांत बगळे चालतांना दिसावे, अशी ही स्थिति. ओहोटीचें पाणी वेगानें बाहेर धांवत असतां समोरून वारा सुटला, तर मुखावर लाटा उभ्या राहून फुटूं लागतात. यास्तव जुन्या तांडेलांचा नियम असा कीं, अनोळखी खाडींत शिरावयाचें तें चढत्या पाण्यावर, अर्धी भरती झाली असतां. त्या वेळीं गलबत वाळूवर टेंकलेंच, तर पुढील घटकेंत पाणी वाढून तें आपोआप उचललें जातें. तीच चूक भरती पूर्ण झाल्यावर घडली, तर पुढील भरतीपर्यंत, आणि उधाण उतरणीस लागलें असेल तर कित्येक दिवस, तेथेंच अडकून पडावें लागतें.

भरतीची वेळ समजण्यास आमच्या कोळी बांधवांस छापील कोष्टकाची गरज पडत नसे. तिथीची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, आणि पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब चंद्राचा आहे, आणि चंद्राचा हिशेब आपल्या धर्ममातेसही परका नाहीं. पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. म्हणून पवित्र सप्ताह आणि समुद्राचें उधाण हीं बहुधा बरोबरच येतात. ही गोष्ट कोळीवाड्यांतील लहान मूलही अनुभवानें जाणतें.

आतां इतिहासाकडे वळूं. गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें चार वर्षांनीं, १५३८ सालीं, तुर्कांच्या आरमारानें दीवच्या किल्ल्यास वेढा घातला. त्याच वर्षीं व्हाइसरॉय दों गार्सिया द नोरोन्या यांच्याबरोबर दों जुआंव द कास्त्रु नांवाचा अडतीस वर्षांचा एक सरदार हिंदुस्थानांत आला. पोर्तुगालचे थोर गणितज्ञ पेद्रु नुनेश यांच्या हाताखालीं तो शिकला होता. दीवचा वेढा नोव्हेंबरांत उठला. तथापि व्हाइसरॉयचें आरमार गोव्याहून उत्तरेस निघालें. १५३८ च्या अखेरीस व १५३९ च्या आरंभीं झालेल्या या प्रवासांत इतरांचें लक्ष लढाईकडे असतां कास्त्रु मात्र वही घेऊन किनारा लिहीत बसला. गोव्यापासून दीवपर्यंतच्या बंदरांचें व खाड्यांचें त्यानें केलेलें वर्णन व काढिलेले नकाशे आजही उपलब्ध आहेत. तीनशें वर्षें हस्तलिखितांत राहून तो ग्रंथ १८४३ सालीं पोर्तु शहरीं छापला गेला.

अशा ग्रंथास पोर्तुगीज भाषेंत ‘रोतैरु’ म्हणतात. आपण त्यास वाटेची वही म्हणूं. तींत लिहावें काय? समुद्रावरून किनारा कसा दिसतो, कोणता डोंगर कोणत्या दिशेस येतो, खडक कोठें आहे, पाणी किती वांव खोल आहे, तळ वाळूचा कीं चिखलाचा, भरती केव्हां होते, आणि स्थळाचा अक्षांश काय. अक्षांशासाठीं माध्याह्नीं सूर्याची उंची मोजीत. वसईचा अक्षांश सुमारें १९ अंश २० कला आहे. पाण्याची खोली पाहण्यास दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडीत. त्या गोळ्याच्या बुडाशीं खळगा करून त्यांत चरबी भरीत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. हें केवळ कुतूहल नव्हतें. सैल वाळूंत नांगर घसरूं शकतो, खडकांत अडकून बसतो, आणि घट्ट चिखलांत उत्तम धरतो. ज्या जागेस नैऋत्येच्या लाटांपासून आडोसा आहे, ओहोटींतही ज्या जागीं पुरेसें पाणी राहतें, ज्या जागेचा तळ नांगर धरितो, आणि जवळच गोडें पाणी मिळतें, तीच जागा बंदर होय. वसईच्या किल्ल्यास एक दरवाजा जमिनीकडे व एक समुद्राकडे आहे. त्या समुद्राकडील दरवाज्यास अर्थ आला तो या चार गोष्टींमुळेंच.

कास्त्रुच्या टिपणांतील एक गोष्ट आपल्या वसईकरांस विशेष अभिमानाची वाटेल. होकायंत्राची सुई कधीं कधीं भलतीच दिशा दाखविते, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. १५३८ च्या ऑगस्ट महिन्यांत मोझांबिक येथें, जवळच असलेल्या तोफेच्या लोखंडानें सुई ओढली जाते, हें त्यानें हेरलें. पुढें २२ डिसेंबर १५३८ रोजीं वसईजवळ त्यास आढळलें कीं, थोड्याथोड्या अंतरावर सुईचा कल बदलतो. याचें कारण आतां खडकांत शोधितात. आपल्या किनाऱ्याचा काळा कातळ ज्वालामुखीच्या रसापासून झालेला असून त्यांत चुंबकीय लोहखनिज असतें. ज्या यंत्रावर सर्व नावाड्यांचा विश्वास, तेंही जवळच्या वस्तूंच्या ओढीनें फसतें, हें ज्ञान जगाच्या शास्त्रांत नोंदलें गेलें त्यांत वसईच्या पाण्याचा वांटा आहे.

तथापि एक सत्य स्पष्ट सांगितलें पाहिजे. कास्त्रु कितीही हुशार असला तरी पोर्तुगीजांस समुद्राच्या या वाटा आयत्या सांपडल्या नाहींत. वास्को द गामा १४९८ सालीं आफ्रिकेच्या मालिंदी बंदराहून निघून सुमारें तेवीस दिवसांत मलबारास पोंचला, तो तेथें मिळालेल्या वाटाड्याच्या भरंवशावर. पुढेंही जेथें जेथें परकी जहाज उथळ पाण्यांत शिरलें, तेथें तेथें स्थानिक खलाशी पुढें उभा असे. नकाशावर नांव आलें तें सरदाराचें. वाट दाखविणाऱ्या तांडेलाचें नांव इतिहासाच्या पानांत सांपडणें कठीण. शिवाय त्या वाटेनें केवळ सुवार्ता आली असें नाहीं, तोफाही आल्या. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला, तोंवरच्या दोन शतकांत या खाडीनें पुष्कळ रक्त पाहिलें. ज्ञान चांगलें, परंतु तें कोणाच्या हातीं पडतें यावर त्याचें फळ अवलंबून असतें. याच वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया पाण्याच्याच वाटेनें पूर्वेस गेले, आणि १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मा झाले. एकाच समुद्रानें काय काय आणिलें आणि काय काय नेलें, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होतें.

येथें स्वतःचा एक अनुभव सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मी नवा धर्मगुरु असतांना एकदां पैलतीरावरील आजारी माणसास पवित्र ख्रिस्तशरीर देऊन सायंकाळीं मचव्यानें परत येत होतों. अंधार पडूं लागला होता व पाणी उतरत होतें. मला घाई होती, आणि समोर आमचा कांठ सरळ दिसत होता. मीं तांडेलास सरळ जाण्यास सांगितलें. त्यानें ऐकलें नाहीं. इंजिन मंद करून तो उगीच आडवा चालला आहे असें मला वाटलें, आणि मीं कांहींसा त्रागाही केला. मग त्यानें बोट दाखविलें. दूर डोंगराचा खांदा आणि त्याच्या पुढें देवळाचा मनोरा हे दोन्ही एका रेषेंत येतांच त्यानें सुकाणू वळविलें. तो म्हणाला, “फादर, ही वाट कागदावर नाय. वाळू सरकते. डोंगर नि देऊळ सरकत नाय, म्हणून त्यांनाच विचारायचं.” थोड्याच वेळांत मी ज्या सरळ वाटेचा आग्रह धरिला होता तेथें वाळूची पाठ पाण्यावर आली. मी लाजलों. सेमिनरींत वर्षानुवर्षें शिकूनही जें मला ठाऊक नव्हतें, तें त्या मनुष्यास शाळेवांचून ठाऊक होतें. वर्षें लोटलीं, त्या तांडेलाच्या अंत्ययात्रेची प्रार्थनाही मींच म्हटली. त्या दिवशीं त्याच्याबरोबर खाडीची एक सबंध वहीच आम्हीं मातीस दिली, असें मला आजही वाटतें.

कास्त्रु पुढें १५४५ सालीं हिंदुस्थानाचा गव्हर्नर झाला. १५४६ सालीं दीवचा दुसरा वेढा त्यानें उठविला. मोडलेला किल्ला पुन्हां बांधण्यास पैसा हवा होता, तेव्हां गोवेकरांकडे तारण म्हणून त्यानें आपल्या दाढीचे केंस पाठविले, ही कथा प्रसिद्ध आहे. ६ जून १५४८ रोजीं तो गोव्यांत मरण पावला. मृत्युसमयीं संत फ्रान्सिस झेवियर त्याच्या उशाशीं होते असें सांगतात. गव्हर्नराचीं दप्तरें कितीएक लिहिलीं गेलीं असतील. परंतु त्याची कीर्ति विद्वानांत टिकली ती मुख्यतः त्या वाटेच्या वह्यांमुळें.

त्यानंतर इंग्रजांच्या काळांत जेम्स हॉर्सबर्ग यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्वेकडील समुद्रांच्या वाटांचा मोठा ग्रंथ छापिला. आज डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयांतून आपल्या किनाऱ्याचे नकाशे निघतात, मचव्यामचव्यावर जीपीएस यंत्र आहे, आणि २०२४ सालीं वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू होऊन मोटारीही खाडीपार जाऊं लागल्या. ही सोय मोठी आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्र आपण कोठें आहों तें सांगतें. पाण्याखालीं यंदां वाळू कोठें बसली आहे, तें सांगत नाहीं.

म्हणून या ज्युबिलीच्या शुभ प्रसंगीं माझी तरुण मंडळीस एक नम्र विनंति आहे. आपल्या धर्मग्रामांत अजून जे चार वृद्ध तांडेल हयात आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन जा. कोणत्या खडकास काय नांव आहे, कोणत्या दोन खुणा जुळल्या असतां कोणती वाट धरावयाची, कोणत्या सालीं वाळूचा दांडा कोणीकडे सरकला, हें सर्व त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या, आणि सांगणाऱ्याचें नांव प्रत्येक पानावर ठळक लिहा. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं एका परक्या सरदारानें आपला किनारा लिहून ठेविला, म्हणून तो आपणांस आज वाचावयास मिळतो. आपल्याच बापजाद्यांचें ज्ञान आपण लिहिलें नाहीं, तर पुढील ज्युबिलीच्या वेळीं तें सांगावयास कोणीही उरणार नाहीं. ख्रिस्तानें आपले पहिले शिष्य कोळ्यांतून निवडिले, हें आपण अभिमानानें सांगतों. मग आपल्या कोळ्यांपाशीं चार घटका बसून त्यांचें ऐकणें आपणांस जड कां जावें?