भरूचचा पूल आणि ओलांडण्याची भाषा

सुरगाण्यात पावसाळ्यामध्ये पूल ही वस्तू गृहीत धरता येत नाही. नार आणि पार या नद्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून गुजरातकडे धावतात. त्यांना मिळणाऱ्या ओहळांवरच्या फरश्या पाण्याखाली गेल्या की पाडे तुटतात आणि वर्गातले काही बाक रिकामे राहतात. म्हणूनच बखरवाङ्मय शिकवताना फौज नर्मदापार झाल्याचा उल्लेख आला, की आमचे विद्यार्थी थबकतात. कोणत्या महिन्यात? कशाने? बैलांचे काय केले? प्रश्न रास्त आहेत. आपल्या अभ्यासात मात्र ते क्वचितच विचारले जातात.

मराठ्यांच्या इतिहासलेखनात नर्मदा ही नदीपेक्षा सीमारेषा अधिक आहे. अलीकडे दख्खन, पलीकडे हिंदुस्थान. मोहिमा दसऱ्यानंतर निघत, त्याला मुहूर्ताइतकेच ओसरलेले पाणीही कारण होते. नदीला उतार सापडला तरच राजकारण पुढे सरके. भरूचचे ठाणे या दृष्टीने मोक्याचे. सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये, ते महादजी शिंद्यांकडे आले. १७७९ च्या वडगावच्या प्रसंगी त्यांनी इंग्रजांशी जे सौजन्य राखले, त्याची ती पोच मानली जाते. १८०३ मध्ये इंग्रजांनी भरूच परत घेतले, आणि पुढच्या पाऊण शतकात नदी ओलांडण्याचा अर्थच बदलला.

रेल्वे आली ती ऋतूची वाट पाहणारी नव्हती. मुंबईला गुजरातचा कापूस बारमाही हवा होता. १८६० च्या सुमारास नर्मदेवर लोखंडी पूल उभा राहिला, परंतु पुरांनी त्याला वारंवार धक्के दिले. शेवटी ७ डिसेंबर १८७७ रोजी नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि १६ मे १८८१ रोजी ते पुरे झाले. लांबी सुमारे १,४०० मीटर, खर्च ४५ लाख रुपयांहून अधिक. एवढ्या पैशात सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले आणि ‘गोल्डन ब्रिज’ हे नाव रूढ झाले, अशी आख्यायिका आहे. सरकारी हिशेबावर लोकांनी मारलेला असा शेरा नाव म्हणून टिकावा, हे आम्हाला पुलाच्या लांबीपेक्षा अधिक बोलके वाटते.

या पुलाची रचना कैचीची, म्हणजे त्रिकोणांच्या गुंफणीची. चौकट रेटली तर कलते. त्रिकोणाचा आकार मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. प्रत्येक दांड्याच्या वाट्याला ताण तरी येतो किंवा दाब तरी, आणि म्हणून थोड्या धातूत मोठा गाळा पेलता येतो. खरे संकट वर नसतेच, ते खाली, पुरात हलणाऱ्या वाळूत खांबांचे पाय रोवण्याचे असते.

आता मराठी वाचकाची एक अडचण. नर्मदेवरचे आपले सर्वांत जिवंत लेखन परिक्रमेतून आले आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ तर सर्वपरिचित आहे. परिक्रमेचा मूळ नियम असा की नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती कोठेही ओलांडायची नाही. परिक्रमावासी दक्षिण तीराने अंकलेश्वरवरून पुढे जातो, मुखाशी नावेने खाडी पार करतो आणि उत्तर तीराने भरूचला परततो. पुलाने जे अंतर काही मिनिटांत संपते, त्यासाठी तो समुद्रापर्यंत जाऊन येतो. पुलाची दोन्ही टोके त्याच्या वाटेत येतात, पूल मात्र त्याच्यासाठी वर्ज्य. फौजेला नदी हा अडथळा होता, कंपनीला तो खर्च होता. परिक्रमावासीयाला ती सोबत आहे. आपल्या साहित्याने तिसऱ्याची बाजू घेतली, आणि दीड किलोमीटर लोखंड आपल्या वाचनातून जवळजवळ वगळले गेले. श्रद्धेला यात दोष नाही. दोष असलाच तर आपल्या अभ्यासक्रमांचा, कारण प्रवासवर्णन शिकवताना वाट कोणी बांधली हा प्रश्न आपण इतिहास विभागाकडे ढकलून मोकळे होतो.

१९३५ मध्ये शेजारी ‘सिल्व्हर ज्युबिली’ रेल्वेपूल झाला आणि जुना पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. आगगाडीसाठी बेतलेल्या अरुंद कैच्यांमधून मोटारी, रिक्षा, दुचाक्या अनेक दशके जात राहिल्या. भरूच आणि अंकलेश्वर ही जणू एकाच गावाच्या दोन आळ्या झाली. २०२१ मध्ये लगतचा ‘नर्मदा मैया’ पूल खुला झाला आणि या पुलाची वाहतूक थांबली.

त्याचे एक काम मात्र सुटले नाही. भरूचमध्ये नर्मदेच्या पुराची पातळी याच पुलापाशी मोजली जाते. धोक्याची खूण २४ फुटांवर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून पाणी सोडले गेले, तेव्हा ती ४० फुटांच्या घरात गेली होती.