सुईची वाकडी बहीण

वरूडच्या आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. आबाजी माळकरी, त्यामुळे अंड्याचे नावसुद्धा दबक्या आवाजात निघायचे. म्हणून मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्यांच्या ट्रंकेत, सातबाराच्या उताऱ्यांखाली, गळांची पत्र्याची डबी निघाली तेव्हा मी ती आधी खिशात घातली आणि मगच शिडी उतरलो.

डबीवर 'रेडिच, इंग्लंड' अशी अक्षरे होती. नागपूरची संत्री म्हणून विकला जाणारा माल जसा पुष्कळदा आमच्या वरूडचा असतो, तसे एकोणिसाव्या शतकात जगभरच्या शिंप्यांच्या हातातली सुई बहुधा या रेडिचची असे. आणि गळही तिथलेच! एकदा तार ओढणे, टोक काढणे आणि पोलादाला पाणी देणे जमले की सुई काय नि गळ काय, दोघी सख्ख्या बहिणी. एक सरळ निघाली, एक वाकडी. नंबरांचा तिरपागडेपणाही दोघींचा सारखाच. दहा नंबरची सुई सहा नंबरहून बारीक, गळाचेही तेच.

सुईला टोक काढणारे कारागीर कोरड्या सहाणेवर वाकून बसत. दगडाची नि पोलादाची धूळ छातीत जाई, आणि बरेचजण चाळिशी पाहत नसत. धूळ ओढून घेणारे पंखे आले तर या लोकांनीच विरोध केला. धोका गेला की मजुरीही जाईल, ही भीती! हे वाचल्यावर डबी हातात जड लागली. पुढे १८७७ साली नॉर्वेत, मुस्ताद यांच्या कारखान्यात, मथियास टॉप नावाच्या माणसाने आपोआप गळ घडवणारे यंत्रच बनवले.

पण मूळ विद्या घरगुती. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात कृती आहे: सुई लाल तापवा, निवू द्या, चाकूने उलटा काटा उचला, टोक घासा, पुन्हा तापवून वाकवा आणि शेवटी तापवून पाण्यात बुडवा. मी हे दहाव्या वर्षी केले होते! चुडामणच्या काठच्या भोईकाकांनी शिकवले, सुई मायच्या शिवणाच्या डब्यातली, भट्टी म्हणजे कंदिलाची वात. शेवटची पायरी मात्र मी घाईत गाळली. गांडूळ लावले, मरळ लागली, मी ओढले. मरळ गेली आणि गळाची पुन्हा सुई झाली.

घरी मायने विचारले, "काऊन रे पोट्ट्या, सुई कुठी गेली?" मी मूठ उघडली. आबाजींनी ती अर्धवट सरळ झालेली सुई उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "पाणी देल्लं होतं काय?"

आमच्याकडे पाणी देतात ते संत्र्याला. मी तोऱ्यात म्हटले, "देल्लं ना आबाजी, सकाळीच!"

"नाही देल्लं," एवढेच बोलून ते हरिपाठाला बसले. बगीच्यात तर घोटाभर चिखल होता. म्हातारा असे का म्हणतो, हे मला डबी सापडेपर्यंत कळले नव्हते.