एक कपडेपट, अनेक पात्रें

जुन्या नाटक मंडळींत कपडेपटाचें महत्त्व केवढें असे, हें नाट्यरसिकांना सांगावयास नको. पात्रें अनेक, परंतु शालूशेल्यांच्या पेट्यांची किल्ली एकाच विश्वासू माणसाच्या हातीं असे. आंतरजालावर एकाच छपराखालीं शेंकडों संकेतस्थळें नांदूं लागलीं, तेव्हां त्यांच्या वेषाचा प्रश्नही याच वळणावर येऊन ठेपला. वेष कोणी ठेवावे, कोणी निवडावे आणि त्यांना कात्री कोणी लावावी?

आरंभीच्या काळांत मजकूर आणि वेष हे वेगळे नव्हतेच. अक्षरांचा रंग, आकार व मांडणी यांच्या सूचना प्रत्येक पानाच्या मजकुरांतच गुंफलेल्या असत. शंभर पानांच्या मथळ्यांचा रंग पालटावयाचा, तर शंभर पानें उघडावीं लागत. ऑक्टोबर १९९४ मध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत काम करणारे नॉर्वेचे हाकोन व्हियुम ली यांनीं यावर तोड सुचविली. पानानें आपला आशय तेवढा सांगावा, त्याच्या रूपाचे नियम निराळ्या शैलीपत्रकांत असावे, असा त्यांचा विचार होता. १७ डिसेंबर १९९६ रोजीं शैलीपत्रकांची पहिली प्रमाण आवृत्ति मान्य झाली. देह आणि वस्त्र यांची ही फारकतच पुढील सर्व इतिहासाचें मूळ होय.

२७ मे २००३ रोजीं मॅट मुलनवेग व माइक लिटल यांची वर्डप्रेस ही प्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्या फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तींत 'थीम'ची योजना आली. थीम म्हणजे शैलीपत्रक, पानांचे साचे आणि कांहीं आज्ञावली यांचें एक गांठोडें. एक थीम उतरवून दुसरी चढविली, तरी मूळ मजकुराला धक्का लागत नाहीं. शैलीपत्रकाच्या माथ्यावर थीमचें नांव, कर्ता आणि आवृत्ति नोंदलेली असते. सोबत तिचें एक चित्रही असतें. त्यामुळें दुकानदारानें गिऱ्हाइकापुढें तागे उलगडावे, तशा या थीमा मालकापुढें मांडतां येतात.

एका स्थळापुरती ही व्यवस्था सोपी होती. पण आयर्लंडचे डॉनखा ओ कीव्ह यांच्या परिश्रमानें 'वर्डप्रेस एम-यू' ही शाखा वाढली, आणि एकाच स्थापनेवर असंख्य स्थळें चालविणें शक्य झालें. १७ जून २०१० रोजीं निघालेल्या ३.० या आवृत्तींत ही शाखा मूळ प्रवाहांत विलीन झाली. येथें कपडेपट सर्वांचा एकच असतो. कोणती थीम आणावयाची आणि कोणती स्थळांना उपलब्ध करावयाची, हें जाळ्याचा मुख्य व्यवस्थापक ठरवितो. ती सर्वांना द्यावी कीं एखाद्याच स्थळाला, हेंही त्याच्याच हातीं. स्थळाचा चालक उपलब्ध थीमांतून आपली निवडतो. नवी आणण्याचा अधिकार त्याला नसतो.

हें बंधन चालकांना जाचक वाटतें, आणि तें स्वाभाविक आहे. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला रसायन विभागाचाच अंगरखा कां घालावा लागावा? पण या बंधनाला कारण आहे. थीम हें नुसतें वस्त्र नव्हे. तिच्यांतील आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रावर चालतात. ऑगस्ट २०११ मध्यें याचा कटु अनुभव आला. चित्रें लहान करण्यासाठीं पुष्कळ थीमांत जोडलेल्या 'टिमथम्ब' नांवाच्या छोट्या आज्ञावलींत एक छिद्र सांपडलें. त्यांतून परक्या माणसाला स्वतःची आज्ञावली आंत घुसवून चालवितां येत होती. सामायिक घरांत एका खोलीचें दार उघडें राहिलें, तर चोर सगळ्या घरांत शिरतो.

स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांची सांगड घालण्याचा एक जुना उपाय म्हणजे अपत्य-थीम. मूळ थीमला हात न लावतां तिच्यावर बेतलेली दुसरी थीम शिवावयाची. मूळ सुधारली, तरी वरचें भरतकाम टिकतें. मात्र तीही व्यवस्थापकालाच आणावी लागते. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीनें पुढचें पाऊल टाकलें. खंडांनीं रचलेल्या थीमांत चालकाला आज्ञावली न लिहितां शिरोभाग, तळभाग व रंग बदलतां येऊं लागले. हे बदल त्या स्थळाच्या स्वतःच्या विदागारांत राहतात. सामायिक थीमच्या फायली जशाच्या तशा असतात. किल्ली एकाच्या हातीं राहिली, पण सुईदोरा प्रत्येकाला मिळाला.

तरीही किल्लीधाऱ्याची जबाबदारी हलकी झालेली नाहीं. जुन्या, निकामी थीमा सांठवून ठेवणें धोक्याचें असतें. पण त्या फेंकून देण्यापूर्वीं कोणतें स्थळ त्यांपैकीं एखादी नेसून रंगभूमीवर उभें आहे काय, हें त्याला प्रत्येक वेळीं पाहावेंच लागतें.