लाल रिबन

मराठीत ‘लाल फीत’ म्हटले की सरकारी दिरंगाई आठवते. म्हणून येथे ‘रिबन’च बरी. एड्सग्रस्तांविषयी सहवेदना व्यक्त करणारी ही रिबन १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिज्युअल एड्स’ संस्थेतील कलावंतांनी साकारली. आखाती युद्धावरील सैनिकांसाठी अमेरिकेत बांधल्या जाणाऱ्या पिवळ्या फितींवरून ती सुचली. कृती अगदी साधी: ६ इंच रिबन कापावी, मध्यावर दुमडून टोके एकमेकांवरून तिरपी न्यावीत आणि जिथे ती छेदतात तिथे सेफ्टी पिन लावून छातीवर अडकवावी. कलावंतांनी स्वतःची नावे पुढे केली नाहीत, स्वामित्वहक्कही घेतला नाही. त्यामुळे ती कोणीही घरी करू शकतो. रुग्णांना आजाराचे नावही उच्चारता येत नसे, त्या काळात ती मिरवणे हे धाडसच होते. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, ती आजही जगभर लावली जाते.